मानवणे आणि न मानवणे

(हीरक महोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या हजेरीपटात अनुपस्थितीची कारणे लिहिण्यासाठी फार थोडे शब्द वापरले जातात. लग्नकार्य, परगावी, घरी पाहुणे, आणि सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द म्हणजे ‘आजारी’. या एका शब्दात किती निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात याचा विचार करण्याची वेळ शिक्षकाला क्वचितच येते. साठ वर्षांचे हजेरीपट शाळेच्या कपाटात आहेत. त्यांतून सर्दी-तापाच्या, गोवर-कांजिण्यांच्या साथी सहज ओळखू येतात, कारण त्या दिवसांत अर्धा वर्गच गैरहजर दिसतो. पण वर्ग भरलेला असताना एकाच नावापुढे महिन्यामागून महिने ‘आजारी’ असा शेरा पडत राहतो, तो साथीचा नसतो. आजचे विवेचन अशा शेऱ्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. ती आता मोठी झाली आहे, आणि तिची हकीकत तिच्या संमतीनेच येथे सांगितली जात आहे. नाव मात्र सांगण्याचे कारण नाही. दुसरीपासून तिची तक्रार एकच: पोटात दुखते. मध्येच जुलाब होत, चार दिवसांनी थांबत. तोंड वरचेवर येई. चेहरा पांढुरका, हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे आलेले. घरच्यांनी काही करायचे बाकी ठेवले नव्हते. जंतांचे औषध झाले, लोहाचे औषध झाले, दृष्टही काढून झाली. लोहाच्या औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपूनही रक्त काही वाढेना.

यात एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली होती आणि तिचा अर्थ सर्वांनी चुकीचा लावला होता. मुलीचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. मे महिन्यात ती आजोळी जाई आणि तेथे खडखडीत बरी होई. खाई, खेळे, गालांवर रंग येई. जूनमध्ये माळव्यात परतून शाळा सुरू झाली की पंधरवड्यातच पुन्हा पोट धरून बसे. दोन वर्षे हेच घडल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी निदान करून टाकले: शाळेचा धसका. शाळेलाही ते पटले, कारण ते सोयीचे होते. ‘सुट्टीत बरे नाही दुखत पोट!’ असे एका शिक्षिकेने भर वर्गात म्हटले, आणि वर्ग हसला. त्या वाक्याबद्दल शाळेने पुढे त्या मुलीची क्षमा मागितली, हेही येथेच सांगितलेले बरे.

हा गुंता सुटण्याची सुरुवात झाली ती प्रगतिपुस्तकापासून. प्रगतिपुस्तकात गुणांच्या खाली उंची आणि वजन यांचे रकाने असतात. ते भरण्याचे काम बहुधा कंटाळ्याने उरकले जाते, आणि पालकांची नजर तर गुणांच्या खाली उतरतच नाही. चौथीच्या वर्गशिक्षिकेने ते रकाने भरताना मागची पाने उलटून पाहिली. दुसरीत ११८ सेंटिमीटर, तिसरीत १२०, चौथीत १२१. या वयात मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. दोन वर्षांत तीन सेंटिमीटर ही वाढ नव्हे. वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावून एवढेच म्हटले की, शाळा चुकवणारी मुले खूप पाहिली, पण शाळेच्या भीतीने उंची थांबलेली पाहिली नाही. एकदा बालरोगतज्ज्ञांना हे आकडे दाखवावेत.

त्या डॉक्टरांनी आकडे पाहिले, मे महिन्याची हकीकत ऐकली आणि आईला विचारले, ‘आजोळी मुलगी काय खाते?’ आई म्हणाली, कोकणात दुसरे काय असणार? सकाळी मऊ भात किंवा पेज, नाहीतर घावन. दुपारी आमटी-भात, मासळी. रात्री तांदळाची भाकरी. आणि इकडे? इकडे सकाळी दूध-पोळी, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी टोस्ट किंवा बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी, रविवारी दाल-बाफले. उत्तर प्रश्नातच होते. आजोळी शाळा नव्हती हे खरे. पण आजोळी गहूही नव्हता.

पुढे रक्ताची तपासणी झाली. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्धच्या प्रतिपिंडांची ती तपासणी असते. मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले गेले, आणि सीलिअॅक रोगाचे निदान पक्के झाले.

या रोगाची प्रक्रिया समजून घेणे कठीण नाही. लहान आतड्याच्या आतील अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना जी फाटत नाही, ती या ग्लुटेनची किमया. काही माणसांच्या शरीरात, आनुवंशिक प्रवृत्तीमुळे, रोगप्रतिकारक यंत्रणा या प्रथिनाच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्यावर उलटते. मखमल झिजून सपाट होते. मग मूल जेवते, पण जेवण अंगी लागत नाही. लोह शोषले जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम शोषले जात नाही म्हणून हाडे कच्ची, आणि एकूणच पोषण नाही म्हणून वाढ खुंटलेली. प्रत्येक मुलाला जुलाबच होतात असेही नाही. कोणाला उलट बद्धकोष्ठ असते, कोणाच्या बाबतीत न हटणारा पांडुरोग किंवा थांबलेली उंची एवढेच लक्षण दिसते. म्हणून तर हा रोग वर्षानुवर्षे लपून राहतो.

वैद्यकाच्या इतिहासातही तो फार काळ लपून राहिला, आणि तेथील हकीकत या मुलीच्या हकीकतीशी विलक्षण जुळते. १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी या रोगाचे आधुनिक काळातील पहिले स्पष्ट वर्णन केले आणि बरे व्हायचे तर ते आहारानेच होईल, असे अनुमान काढले. कोणता आहार, हे मात्र त्यांना उमगले नव्हते. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज मापभर डच शिंपल्यांचे मांस दिले जाई. हंगाम असेपर्यंत मूल उत्तम सुधारले. हंगाम संपताच आजार परतला. आणि पुढच्या हंगामात ते मूल शिंपल्यांना तोंडच लावीना. बिचाऱ्याला किती कंटाळा आला असेल! न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांच्या आहाराने मुले सुधारल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढे कित्येक वर्षे या मुलांना केळी खाऊ घातली गेली. श्रेय मिळाले ते ताटात आलेल्या केळ्यांना. ताटातून गेलेल्या पावाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते गेले विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाचे. हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयात ते काम करीत. १९३६ च्या सुमारास एका तरुण आईने त्यांना सांगितले की, मुलाच्या आहारातून पाव काढला की त्याच्या अंगावरचे पुरळ भराभर कमी होते. अनेक डॉक्टरांनी असे बोलणे हसण्यावारी नेले असते. डिके यांनी ते मनावर घेतले, गव्हाविना आहाराचे प्रयोग सुरू केले आणि १९४१ मध्ये त्याविषयी लिहिले. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन अमलाखालील हॉलंडमध्ये अन्नाचा असा तुटवडा पडला की लोकांनी ट्यूलिपचे कंदही खाल्ले. त्या हलाखीत पाव दुर्मीळ झाला, आणि ही मुले मात्र तग धरून राहिली. या दुष्काळानेच शोध लावला असे सांगण्याची प्रथा आहे. ती गोष्ट सुरस असली तरी अन्यायाची आहे, कारण दुष्काळाच्या आधी कित्येक वर्षे एक आई ते सांगून गेली होती. युद्धानंतर डिके यांनी सहकाऱ्यांसह मोजमाप करून आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडले. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात त्यांचा प्रबंध सादर झाला. त्या आईचे नाव कोणत्याही पुस्तकात आढळत नाही.

हा युरोपातील, गोऱ्या लोकांचा रोग आहे असा समज आपल्याकडे पुष्कळ वर्षे होता. तो आता टिकत नाही. दिल्ली परिसरातील पाहणीत, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सुमारे ९६ माणसांमागे एकाला हा रोग आढळला. त्याहून बोलका अभ्यास २०१६ चा आहे. त्यात भारताच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतील २३,००० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत दर हजारी सुमारे साडेआठ जणांना हा रोग होता, ईशान्येत साडेचारच्या थोडे वर, आणि दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला. रोगाला अनुकूल असलेली आनुवंशिक ठेवण मात्र तिन्ही भागांत जवळपास सारखीच, म्हणजे साधारण तिघांपैकी एकात आढळली. फरक होता तो ताटात. उत्तरेतील माणसाच्या रोजच्या आहारात सरासरी ४५५ ग्रॅम गहू होता. ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५.

या आकड्यांत महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी स्वतःला पाहण्यासारखे आहे. शिंदे-होळकरांच्या काळात जी घराणी माळव्यात आणि ग्वाल्हेरीस आली, पुढे रेल्वे, बँका आणि कारखाने यांच्या निमित्ताने जी आली, ती भाताच्या, ज्वारीच्या, नाचणीच्या मुलखातून आली. भाषा टिकवण्यासाठी त्यांनी शाळा काढल्या. ही शाळाही त्यांतलीच. ताट मात्र भूमीप्रमाणे बदलले, आणि त्यात गैर काही नाही. माळव्याच्या गव्हाची पोळी खाऊन पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट झाल्या आहेत. शंभरांतील नव्याण्णवांना गहू उत्तम मानवतो. जो एक उरतो त्याचा हा प्रश्न आहे, आणि साठ वर्षांत किती शंभर मुले या पायऱ्या चढून गेली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘मानवणे’ हे क्रियापद मराठीत फार जुने आणि फार नेमके आहे. आयुर्वेदातही सात्म्य आणि असात्म्य हा भेद आहे: जे एकाच्या प्रकृतीला जुळते ते दुसऱ्याच्या प्रकृतीला जुळेलच असे नाही. घराघरांतून ‘त्याला वांगे सोसत नाही’, ‘तिला दूध बाधते’ अशी वाक्ये सहज बोलली जात. आता मात्र दोन टोके दिसतात. एकीकडे ‘सगळे खाल्लेच पाहिजे, नखरे चालणार नाहीत’ हा करडा बाणा, आणि दुसरीकडे कोठेतरी वाचून एकदम गहू-दूध-साखर बंद करण्याची घाई. दुसरे टोक पहिल्याइतकेच घातक आहे. त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे: सीलिअॅकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. गहू आधीच बंद केला तर प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी ‘काही नाही’ असे सांगते. मग मुलाला जन्मभराचे पथ्य खरोखर हवे की नको हे कळण्याचा मार्गच अडतो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटू नये.

रक्ताच्या एका नमुन्यावरून शे-दोनशे पदार्थांची ‘न मानवणारी’ यादी छापून देणाऱ्या महागड्या तपासण्यांचीही सध्या चलती आहे. त्या बहुधा आय-जी-जी प्रतिपिंडे मोजतात. ती प्रतिपिंडे मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगतात. तो त्याला बाधतो असे नव्हे. युरोप-अमेरिकेतील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या तपासण्यांवर विसंबू नये असे स्पष्ट सांगितले आहे. अशा याद्यांच्या नादाने वाढत्या मुलाच्या ताटातून दूध, अंडे, डाळ, शेंगदाणे सारेच निघून गेले, तर आजार नसताना कुपोषण होते.

आणि प्रत्येक पोटदुखीच्या मुळाशी अन्नच असते असेही समजू नये. दूषित पाणी, जंत, वाढलेल्या गाठी आणि कधीकधी खरोखरच शाळेतील भीती ही कारणे अधिक वेळा आढळतात. खरी अॅलर्जी तर अगदीच वेगळी. शेंगदाणा, दूध किंवा अंडे पोटात गेल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे असे झाले तर वही-पेन घेऊन निरीक्षण करीत बसण्याची ती वेळ नव्हे. तडक रुग्णालय गाठावे.

दुधाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर तान्हेपणी भरपूर असते आणि पुढे अनेकांत कमी होत जाते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के आणि दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांत दुधाची साखर न पचण्याची प्रवृत्ती आढळली. मोठ्या जुलाबानंतर काही दिवस लहान मुलांनाही दूध पचत नाही, आणि पुढे आपोआप पचू लागते. यात आतड्याला इजा होत नाही. पोट फुगते, गुरगुरते, कळ येते, एवढेच. अशा मुलाला पेलाभर दूध डोळे वटारून पाजण्यात काही पुरुषार्थ नाही. विरजताना लॅक्टोजचा काही भाग जिवाणूच संपवतात, म्हणून हीच मुले दही-ताक मजेत खातात. आजीच्या वाटीभर ताकाला त्यामुळे शास्त्राचाही आधार आहे.

पुन्हा त्या मुलीकडे वळावयाचे तर निदान झाले तेव्हा तिच्या आईला प्रथम रडू कोसळले. औषध नाही, आणि पथ्य जन्माचे. पोळीशिवाय माळव्यात जगायचे कसे? पण स्वयंपाकघर नीट पाहिल्यावर असे दिसले की मराठी घरात गव्हावाचून पुष्कळ काही आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांत ग्लुटेन नाही. आणि उपासाच्या फराळाचा डबा तर जणू याच रोगासाठी भरलेला: साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा. त्या घरातील आजी म्हणाली, ‘म्हणजे पोरीला रोज एकादशी!’ आणि आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले.

अडचण निघाली ती न दिसणाऱ्या गव्हाची. फोडणीतला हिंग हा त्याचा उत्तम नमुना. बाजारात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे वरण-भात जेवणाऱ्या मुलीच्या पोटातही वरणाच्या फोडणीतून गहू जाऊ शकतो. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू. रवा, शेवया, लापशी ही गव्हाचीच रूपे आहेत, हेही प्रत्येकाच्या लक्षात येत नाही. मुलांना ताकद यावी म्हणून दुधात घातल्या जाणाऱ्या माल्टच्या भुकट्यांत बहुतेक वेळा जव असतो. ज्वारी स्वच्छ असली तरी गिरणीत तिच्या आधी गहू दळलेला असतो. म्हणून त्या घरात छोटी घरगुती चक्की आली. तवा, पोळपाट आणि चाळणी वेगळी झाली. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळणे बंद झाले. विकतच्या वस्तूंसाठी कायद्याची मर्यादा आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असेल तर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापता येत नाही. वेष्टन वाचण्याची सवय त्या मुलीला आईने लावली, आणि ती वर्गात सर्वांत आधी इंग्रजी छापील मजकूर वाचू लागली, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

डॉक्टरांनी आईवडील आणि धाकटा भाऊ यांचीही तपासणी करविली. जवळच्या रक्ताच्या नात्यांत हा रोग आढळण्याची शक्यता बरीच अधिक असते. भावाला कसलाही त्रास नव्हता, तरी त्याची तपासणी सदोष आली. काही न होता पथ्य पाळणे त्याला बहिणीपेक्षा जड गेले, आणि अजूनही जाते.

शाळेला मात्र स्वतःच्याच नियमाचा सामना करावा लागला. चटपटीत पदार्थ टाळावेत म्हणून शाळेत डब्याचा नियम होता: पोळी-भाजीच आणावी. नियम सद्हेतूने केलेला, वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितलेला. पण निदान होण्यापूर्वी ती मुलगी आजारी पडे त्या दिवसांत आई डब्यात दहीभात देई, आणि दहीभात आणला म्हणून तिच्या वहीत दोनदा शेरा लिहिला गेला होता. मुलीच्या शरीराला जे हवे होते ते आई देत होती, आणि शाळा ते परत पाठवीत होती. नियम आता असा आहे: घरी केलेले ताजे अन्न आणावे. पाटीपूजनाच्या दिवशी प्रसादाला शिरा असे. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ या संस्कारापुढे आठ-नऊ वर्षांच्या मुलीची काय टाप? तो प्रसाद आता खोबरे-खडीसाखरेचा असतो, सर्वांनाच. एका मुलीसाठी निराळी वाटी ठेवण्यापेक्षा ते बरे, असे पालक-शिक्षक सभेत ठरले. काही जुन्या मंडळींना शिऱ्याची आठवण येते, आणि ती रास्तच आहे. साजूक तुपातला तो शिरा होताच तसा.

पथ्य सुरू झाल्यावर वर्षभरात ती मुलगी सात सेंटिमीटर वाढली. सहावीत तिची हजेरी वर्गात तिसऱ्या क्रमांकाची होती. वर्गशिक्षिका निवृत्त होताना उंची-वजनाच्या रकान्यांसाठी वेगळी वही सुरू करून गेल्या. तीत प्रत्येक मुलाची पहिलीपासूनची उंची एका ओळीत लिहिली जाते, म्हणजे मागची पाने उलटावी लागत नाहीत. गेल्या काही वर्षांत त्या वहीवरून आणखी मुले डॉक्टरांकडे गेली. त्यांतील एकाला सीलिअॅक निघाला. एकीला थायरॉइडचा विकार होता. बाकीची नुसतीच बुटकी, आईबापांसारखी, आणि ठणठणीत होती.

या महोत्सवाच्या स्नेहभोजनात उद्या पुरणपोळी आहे. पटांगणाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात एक वेगळी चूल मांडली जाईल. तिच्यावर तांदळाची आणि ज्वारीची भाकरी, हिंगाविना फोडणी दिलेली आमटी आणि नारळीभात असेल. तेथील पळ्या, तवा आणि वाढपी निराळे आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी आधी तेथे जेवून घ्यावे. बाकीच्यांनी कृपा करून पुरणपोळीचा हात त्या भांड्यांना लावू नये. त्या चुलीची व्यवस्था एका माजी विद्यार्थिनीने आपल्याकडे मागून घेतली आहे.